थरथर कुठून येते ते आधी शोधा, पार्ट नंतर बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की गॅरेजांत ठरावीक तक्रारी घेऊन जुन्या मोटारसायकली येऊ लागतात. हँडल डुगडुगते. गाडी एका अंगाला ओढते. काटा साठच्या पुढे गेला की पायाखाली थरथर सुरू होते. गाडी कधी स्प्लेंडर असते, कधी १९९६ साली बंद झालेली आरएक्स १००, कधी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट. उपाय मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेला: कोनसेट (हँडल ज्यावर फिरते तो वाट्या-छर्ऱ्यांचा संच) टाका. त्याने भागले नाही तर चेन-स्प्रॉकेट, मग टायर, मग इंजिन खोला. हजारो रुपये जातात आणि शेवटी ‘जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच’ म्हणून गाडी मालकाच्या ताब्यात दिली जाते.

या वाक्याला आम्हा कारागिरांचा ठाम विरोध आहे. वय हे डुगडुगण्याचे कारण नसते. झिजलेला, सैल झालेला किंवा वाकलेला एखादा विशिष्ट भाग हे कारण असते आणि पुष्कळदा पान्याला हात लावण्याआधीच त्याचा माग लागतो. नीट राखलेली तीस वर्षांची सीडी १०० आजही सरळ रेषेत चालते. म्हणून ज्या क्रमाने दोष शोधावा तो क्रम इथे सविस्तर देत आहोत. मालकाला तो ठाऊक असेल तर गॅरेजात योग्य प्रश्न विचारता येतात आणि नव्या कारागिराला तो ठाऊक असेल तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात.

सर्वात आधी एक गोष्ट ठरवायची: थरथर गाडीच्या वेगाबरोबर बदलते की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर? मोकळ्या, सरळ, सपाट रस्त्यावर ज्या वेगाला त्रास होतो त्या वेगावर जा, क्लच दाबा आणि ॲक्सिलरेटर सोडा. इंजिन आयडलवर येईल, गाडी मात्र त्याच वेगात असेल. थरथर तशीच राहिली तर दोष चाके, टायर, बेअरिंग, कोनसेट किंवा चिमटा (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) यांत आहे. थरथर नाहीशी झाली तर इंजिन, त्याचे फाउंडेशन (फ्रेमला धरून ठेवणारे बोल्ट), सायलेन्सर किंवा ताणाखाली चालणारी चेन यांच्याकडे बघायचे. नंतर एक गिअर खाली घेऊन वेग पुन्हा वाढवत न्या. चौथ्यात साठला येणारी थरथर तिसऱ्यात पंचेचाळीसलाच आली, तर ती इंजिनाच्या फेऱ्यांची आहे. शेवटी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन तेवढेच वाढवा. तिथेही ती आली तर चेन आणि चाकांचा संबंध संपला. पाच-दहा मिनिटांच्या या चाचणीने निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते. तरीही ती केली जात नाही आणि पार्टची यादी आधी तयार होते, हे आम्हाला खटकते.

थरथरीची जातही हाताला कळते. २.७५-१८ मापाच्या टायरचा घेर साधारण १.८७ मीटर असतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ९ वेळा फिरते. पाच हजार फेऱ्यांवरचे इंजिन मात्र सेकंदाला ८३ वेळा फिरते. चाकाचा दोष हँडलला किंवा सीटला धक्क्यांसारखा जाणवतो, इंजिनाचा दोष तळहाताला आणि तळपायाला मुंग्या आणतो. आणखी एक बाब महत्त्वाची आहे. पुढचे चाक हँडलसकट डुगडुगते ते सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. चाकाच्या फेऱ्या ५० ते ६०च्या वेगाला नेमक्या त्याच आकड्याजवळ येतात. एरवी न जाणवणारा लहानसा असमतोल त्या वेगाला हँडलला खेळवू लागतो, आणि म्हणूनच इतक्या जुन्या गाड्यांची तक्रार ‘पन्नास-साठलाच होते, पुढे कमी होते’ अशी असते.

चाचणी घेताना दोन्ही हात हँडलवरून कधीही सोडू नयेत. मूठ सैल करावी, तळवे हँडलभोवतीच ठेवावेत. हँडल जोरात डुगडुगू लागले तर पुढचा ब्रेक दाबू नये आणि हँडलशी झुंजूही नये. ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करावा, गुडघ्यांनी टाकी आवळावी, अंग पुढे झुकवावे.

दोष वेगाबरोबर बदलणारा निघाला तर सुरुवात हवेपासून करायची. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना एकट्या स्वारासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास हवा लागते, डबलसीटला मागे जास्त. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. हवा टायर थंड असतानाच मोजावी. पेट्रोल पंपावर अंदाजाने दोन्हीकडे ४० भरण्याची सवय फार वाईट. पुढचा टायर कडक झाला की रस्त्यावरची प्रत्येक रेघ हँडलला कळते, आणि हवा कमी असली तर गाडी वळणात जड होऊन लोळल्यासारखी चालते. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांपलीकडचा टायर कडक पडलेला असतो. दुचाकीच्या नक्षीची कायद्याने किमान खोली ०.८ मिमी आहे. पण मागचा टायर मधोमध चपटा झाला की खोली पुरेशी असूनही गाडी वळणात आत शिरताना अडखळते. पांढरे पट्टे, रेल्वेचे रूळ, रस्त्याचे सांधे ओलांडताना ती बाजूला सरकते. असा टायर हवा बदलून सुधारत नाही.

पंक्चर काढल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर टायरची कड रिमवर सगळीकडे सारखी बसली आहे का ते पाहावे. रिमच्या अगदी लगत टायरवर एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत बुडालेली असेल तर टायर तिथे बसलेला नाही. हवा काढावी, कडेला साबणाचे पाणी लावावे आणि पुन्हा भरावी. हवा भरायची नळी तिरकी झाली असेल तर टायर रिमवर सरकलेला आहे.

यापुढे रिमचा आऊट, म्हणजे फिरताना ती किती डोलते ते, बघायचा. चाक उचलून फिरवावे आणि चिमट्याला किंवा शॉकअपला काडी बांधून तिचे टोक रिमजवळ आणावे. बाजूचा आणि वरखालचा आऊट प्रत्येकी २ मिमीच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर आधी प्रत्येक आरा छोट्या पान्याने टिचकी मारून वाजवावा. ताणलेला आरा खणखणीत वाजतो, सैल आरा भद्द. एकच आरा जोरात आवळून आऊट काढणारे रिमला दुसऱ्या जागी ओढून ठेवतात. समोरासमोरचे आरे पाव-पाव फेरा घेत, एकीकडे आवळत आणि दुसरीकडे सैल करत आऊट काढावा लागतो. खड्ड्यात बसून रिमची कड दबली असेल तर आऱ्यांनी ती सरळ होत नाही, रिम बदलावीच लागते.

चाकाचे बॅलन्सिंग जुन्या १०० सीसी गाडीला कशाला, असे कारागीरही म्हणतात. हिशेब करून बघावा. रिमवर एका जागी ३० ग्रॅम जास्त वजन असेल तर ६०च्या वेगाला ते सेकंदाला नऊ वेळा सुमारे २ किलोच्या जोराने चाकाला ओढते, आणि ८०ला तोच जोर पावणेचार किलोच्या आसपास जातो. यंत्राची गरज नाही. पुढचे चाक उचलायचे, ब्रेक पूर्ण सैल करायचा, चाक हलकेच फिरवून सोडायचे. तेच ठिकाण पुन्हा पुन्हा खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे. समोरच्या बाजूच्या आऱ्यावर शिशाची तार गुंडाळत जायचे, चाक कुठेही सोडले तरी तिथेच थांबेपर्यंत.

हँडलला धक्के फक्त ब्रेक दाबल्यावर येत असतील तर वरच्यापैकी काहीच नाही, ड्रम अंडाकृती झालेला आहे किंवा डिस्क वाकलेली आहे. आरे विषम ताणाने आवळले की पातळ ड्रम गोल राहत नाही, म्हणून ड्रम टर्निंगला पाठवण्याआधी आऱ्यांचा ताण एकसारखा करून घ्यावा.

चाकाचे बेअरिंग तपासताना चाक वर-खाली धरून उलटसुलट दाबावे. खळखळ जाणवली तर बेअरिंग गेले. खळखळ नसली तरी चाक काढून बोटाने आतली रिंग फिरवावी, खरखर लागता कामा नये. बदलताना बेअरिंगच्या अंगावर कोरलेला नंबर, ६३०१ असो वा ६३०२, तोच घ्यावा. हातोडा फक्त बाहेरच्या रिंगवर पडेल असा पाइप वापरून ते बसवावे. दोन बेअरिंगांच्या मधली नळी, म्हणजे डिस्टन्स कॉलर, आत राहिली आहे ना, हे दोनदा पाहावे. ती विसरली किंवा घासून आखूड झाली तर एक्सलचा नट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवे बेअरिंग थोड्याच अंतरात जळते. मग दोष कंपनीच्या मालावर ढकलला जातो. ड्रम ब्रेकच्या गाडीत पुढचे चाक परत बसवताना ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या खालच्या नळीवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. ती बसली नाही तर ब्रेक दाबताच प्लेट फिरते आणि चाक जाम होते. पंक्चरच्या दुकानात घाईत होणारी ही सर्वात धोकादायक चूक आहे.

आता कोनसेट. हा भाग सर्वाधिक वेळा बदलला जातो आणि सर्वात कमी वेळा नीट तपासला जातो. जुन्या गाड्यांत हँडलची टी (हँडल आणि पुढचे शॉकअप जोडणारा भाग) वर-खाली दोन वाट्यांमध्ये सुट्या छर्ऱ्यांवर फिरते. गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्याने खड्ड्यांचा प्रत्येक मार छर्ऱ्यांमार्फत वाटीच्या त्याच जागी बसतो आणि तिथे खळगे पडतात. मग हँडल मधोमध ‘बसते’. थोडे वळवायला जोर लागतो, वळले की एकदम जास्त वळते, आणि स्वाराला संथ वेगातही सतत डावे-उजवे सावरत राहावे लागते. ही झिजलेल्या कोनसेटची खूण. सैल कोनसेटची खूण वेगळी: पुढचा ब्रेक दाबताच ‘कट’ असा आवाज आणि वेग कमी होताना पन्नासच्या खाली डुगडुग.

तपासायचे असे. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करा. हँडल मधून बोटाने हलकेच ढकला. ते स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत पडले पाहिजे. मध्ये अडकले तर खळगे आहेत, सगळीकडे जड असेल तर नट जास्त आवळलेला आहे. पण निष्कर्षाआधी क्लच, ब्रेक आणि स्पीडोमीटरच्या केबल मोकळ्या आहेत का ते पाहा. चुकीच्या वाटेने नेलेली केबलही हँडलला धरून ठेवते. मग शॉकअपची खालची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. साथीदाराने एक बोट टीच्या खालच्या वाटीच्या फटीवर ठेवावे. हालचाल तिथे लागली तर कोनसेट सैल आहे. तिथे काही नाही, पण शॉकअपच्या नळ्यांच्या सांध्यात लागली तर शॉकअपचे बुश झिजले आहेत आणि कोनसेट बदलून एक पैशाचा उपयोग होणार नाही. हा एका बोटाचा फरक न केल्यामुळे चांगले कोनसेट भंगारात जातात.

डुगडुग लपवण्यासाठी कोनसेट घट्ट आवळणे ही आमच्या व्यवसायातली सर्वात वाईट खोड आहे. डुगडुग त्या दिवशी थांबते खरी. पण हँडल आपोआप सरळ होईनासे होते, गाडी संथ वेगात नागमोडी जाते आणि छर्ऱ्यांचे खळगे दुप्पट वेगाने पडतात. नेमके आवळायचे तर वरचा मोठा नट आणि शॉकअपचे क्लॅम्प बोल्ट आधी सैल करावेत. मग रिंग नट हुकच्या पान्याने एका वेळी एक अष्टमांश फेरा इतकाच फिरवावा, वरचा नट घट्ट करावा आणि पुन्हा तपासावे, कारण वरचा नट आवळताच आट्यांतली मोकळीक संपते आणि आतला ताण वाढतो. बदलायची वेळ आलीच तर फक्त छर्रे बदलू नयेत. वाट्यांसकट पूर्ण संच घ्यावा. जुने आणि नवे छर्रे मिसळू नयेत. छर्ऱ्यांची संख्या पुस्तिकेप्रमाणे असावी, भर म्हणून एखादा जास्त कोंबू नये. फ्रेममधली वाटी तिरकी बसली तर नवा संचही महिन्यात जाईल, म्हणून ती सर्व बाजूंनी सारखी ठोकत तळाला टेकवावी. लिथियम ग्रीस भरपूर भरावे. नव्या वाट्या बसतात, म्हणून ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा नट तपासून घ्यावा. हे काम गिऱ्हाइकाला बोलावून, पैसे न घेता केले पाहिजे असे आमचे मत आहे.

पुढच्या शॉकअपचे तेल बदलायचे असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. सील गळेपर्यंत ते तसेच राहते आणि काढल्यावर राखाडी पाणी निघते. दोन्ही नळ्यांत पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे तेल मोजपात्राने, मिलीलिटरमध्ये, अगदी सारखे भरावे. बाटलीच्या झाकणाने मोजलेले तेल म्हणजे एक बाजू मऊ आणि एक बाजू कडक. नळीवर गंजाचे टवके पडले असतील तर नवे सील ते कापून टाकतात. अशा वेळी नळीच बदलावी किंवा नव्याने क्रोम करून घ्यावी. अपघातातून आलेल्या गाडीची नळी काढून सपाट काचेवर लोळवावी. खाली उजेड लपलपला तर ती वाकडी आहे.

मागून डोलणारी गाडी हा वेगळा रोग आहे. इथे हँडल झपाट्याने हलत नाही, अख्खी गाडी सेकंदाला दोन-तीन वेळा सापासारखी वळवळते, वेग वाढला की वाढते, लांब वळणावर जास्त. पहिला संशय चिमट्याच्या बुशवर. गाडी मेन स्टँडवर घेऊन एका हाताने फ्रेम धरावी आणि दुसऱ्याने चिमट्याचे मागचे टोक बाजूला ओढावे. जाणवेल एवढी हालचाल चालत नाही. चाक धरून हलवले तर चाकाच्या बेअरिंगची मोकळीकही त्यात मिसळते, म्हणून चिमटाच धरावा. बुशमधली अर्धा मिमी ढिलाई चाकापाशी साधारण दुप्पट होते आणि प्रत्येक वळणात मागचे चाक स्वतःच्या मनाने दिशा बदलते. पक्के करायचे असेल तर शॉकअपचे खालचे बोल्ट काढून चिमटा वर-खाली करून बघावा. तो सुरळीत फिरला पाहिजे, बाजूला मात्र हलू नये. काही गाड्यांत रबराचे सायलेंट ब्लॉक असतात, काहींत धातूचे बुश. रबराच्या बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन पडलेले असतानाच आवळावा. चिमटा लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. धातूच्या बुशला वर्षातून एकदा ग्रीस लागते. ते न मिळाल्याने चिमट्याचा बोल्ट गंजून बुशमध्येच अडकतो आणि काढताना प्रेस लागतो.

मागचे शॉकअप दोन्ही एकाच खाचेवर हवेत. सीट जोरात दाबून सोडावी: गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा माना डोलावल्या तर आतले तेल संपले. शॉकअप जोडीनेच बदलावेत. दुधाच्या किटल्या मागच्या कॅरिअरला अडकवून जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: मागच्या एक्सलच्याही मागे टांगलेले वजन पुढचे चाक हलके करते आणि ठणठणीत गाडीही डोलवते. किटल्या जितक्या पुढे आणि खाली, तितके चांगले.

गाडी एका बाजूला ओढते ही तक्रार आली की आधी रस्ता बघावा. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे थोडी ओढ स्वाभाविक आहे. सपाट मैदानावरही ओढ राहिली तर चाकांची रेषा बघायची. चिमट्यावरच्या खुणांवर विसंबू नये, जुन्या गाडीत दोन्ही बाजूंच्या खुणा जुळतीलच असे नाही. लांब दोरी मागच्या टायरला जमिनीपासून वीतभर उंचीवर लावून दोन्ही बाजूंनी पुढे ताणावी. पुढचा टायर अरुंद असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोरीपासून सारखे अंतर सुटले पाहिजे. नसेल तर चेन ॲडजस्टर एका बाजूने फिरवून चाक सरळ करावे, मगच चेनचा ताण बघावा. दोरी जुळूनही हँडल तिरके दिसत असेल तर पडलेल्या गाडीचे शॉकअप क्लॅम्पमध्ये पिळले गेलेले असतात. एक्सल आणि खालचे क्लॅम्प सैल करून, पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करता येते. एवढ्यावर भागले नाही तर टी किंवा फ्रेम वाकलेली आहे आणि ते काम जिगवरच (फ्रेम घट्ट धरून सरळ करायच्या सांगाड्यावरच) व्हावे, घणाने नव्हे.

चेनकडे वळू. खालच्या बाजूला मधोमध २० ते ३० मिमी खेळ बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांना चालतो. मात्र तो चाक फिरवत पाच-सहा जागी मोजावा. एके जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबणारी चेन विषम झिजली आहे. ती सर्वात ताठ जागी मोजून लावावी आणि लवकर बदलावी. ४२८ नंबरच्या चेनमध्ये २१ पिनांमधले अंतर नवे असताना २५४ मिमी असते, ते २५९ झाले की चेन संपली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटे एकत्रच बदलावीत. ॲक्सिलरेटर सोडता-धरता मागून धक्का बसत असेल आणि चेन चांगली असेल तर मागच्या हबमधले रबर बघावे. स्प्रॉकेट हाताने मागे-पुढे हलवल्यावर मोकळे खडखडत असेल तर हब रबर कोरडे होऊन आकसलेले असते. रबराच्या मोकळ्या जागेत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबून काम भागवले जाते, ते करू नये. नवा संच महाग नसतो.

आता थरथर इंजिनाची निघाली तर. इथेही इंजिन खोलणे हा शेवटचा टप्पा आहे. आधी सगळे फाउंडेशन बोल्ट पान्याने तपासावेत. मॅन्युअल हाताशी नसेल तर ८ मिमी बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर आणि १० मिमीला ४०च्या आसपास ताण पुरतो. बोल्ट घट्ट असूनही भोक लांबट झालेले असू शकते. इंजिन सुरू करून प्रत्येक बोल्टच्या शेजारी फ्रेम आणि इंजिन दोहोंवर एकदमच बोट टेकवावे. दोन्ही वेगवेगळे हलत असतील तर तो जोड निकामी आहे. बुलेटमध्ये हेडपासून फ्रेमला जाणारी पट्टी, म्हणजे हेड स्टे, पुष्कळदा ओव्हरहॉलनंतर बसवलेलीच नसते. ती नसेल तर उंच इंजिन वरच्या टोकाला मोकळे झुलते आणि सगळी थरथर टाकी आणि हँडलमध्ये येते. इंजिन परत बसवताना सगळे बोल्ट हाताने घालून, इंजिन आपोआप जागेवर बसू देऊन, मग क्रमाने आवळावेत. फ्रेमची प्लेट आणि इंजिन यांत फट राहत असेल तर तेवढ्या जाडीचा वॉशर घालावा. बोल्टने ओढून फट बुजवली की फ्रेम ताणाखाली राहते आणि वेल्डिंगपाशी तडकते. सायलेन्सरचे बोल्ट, पायदानाचा पाइप, हँडलचे क्लॅम्प, बॅटरीची पेटी हेही एकेक हाताने दाबून बघावे. दाबताच आवाज किंवा थरथर बदलली तर उगम सापडला.

यानंतर कार्ब्युरेटर, प्लग, टायमिंग आणि टॅपेट. अधूनमधून मिस होणारे इंजिन थरथरते, पण त्याचा ताल तुटक असतो, एकसारखा नसतो.

ही सगळी तपासणी झाल्यावरच पिस्टन आणि क्रँकचा विचार करावा. एका सिलिंडरच्या इंजिनात वर-खाली होणाऱ्या पिस्टनचा झटका क्रँकवरच्या काउंटरवेटने (समतोलासाठीच्या वजनाने) फक्त काही अंशी मारता येतो. पूर्ण मारायला गेले तर तोच झटका पुढे-मागे येतो. कंपनीने हा समतोल ठरावीक वजनाच्या पिस्टनसाठी साधलेला असतो. सिलिंडर बोअर करून (आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइझ पिस्टन टाकताना जुना आणि नवा पिस्टन पिन-रिंगांसकट वजनकाट्यावर ठेवावा. आरएक्स १००चे मूळ पार्ट आता दुर्मीळ झाल्याने बाजारात नाना प्रतींचे पिस्टन मिळतात आणि त्यांच्या वजनात फरक असतो. बोअरनंतर गाडी थरथरू लागली, ही तक्रार अशीच येते. क्रँक फोडून कनेक्टिंग रॉड बदलला असेल तर प्लेटांचा आऊट डायल गेजवर (बारीक डोल मोजणाऱ्या उपकरणावर) काढला होता का, हे गिऱ्हाइकाने जरूर विचारावे. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकला तो ०.०३ मिमीच्या आत हवा. तो नुसत्या नजरेने जुळत नाही.

इथे एक प्रामाणिक मर्यादाही सांगितली पाहिजे. ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकच्या ३४६ सीसी कास्ट आयर्न बुलेटमध्ये बॅलन्सर शाफ्ट (इंजिनाची थरथर मारणारा फिरता दांडा) नाही. ताशी ८०च्या पुढे तिची थरथर वाढते, ती रचनेतली आहे. त्याच रॉयल एन्फिल्डच्या २०२०च्या मीटिओर ३५०मध्ये बॅलन्सर आला तेव्हाच ती कमी झाली. अशा बुलेटला ६०-७०वर चालवणे हाच उपाय. पण हँडलची डुगडुग, मागची डोल आणि एका बाजूची ओढ या तिन्ही गोष्टी बुलेटच्याही रचनेत नाहीत. ‘बुलेट अशीच असते’ असे कोणी सांगितले तरी त्या खपवून घेऊ नयेत.

शेवटी परिवहन विभागाला एक विनंती. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. या तपासणीत पुढचे चाक उचलून हँडल दोन्हीकडे पडते का, शॉकअप ओढल्यावर कोनसेट हलतो का, चिमटा बाजूला ओढल्यावर हलतो का आणि टायरची तारीख काय, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक गाडीला सक्तीने बघाव्यात आणि निकाल कागदावर लिहून मालकाला द्यावा. त्यासाठी लागतात एक लाकडी ठोकळा, दोन माणसे आणि पाचेक मिनिटे. कागदावर नेमका दोष लिहिलेला असेल तर मालक गॅरेजात जाऊन तोच भाग दुरुस्त करून मागेल.

आपले,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील काही कारागीर,
कोल्हापूर